ओतूरकडे घर घ्यायचंय, पण बिबट्याची भीती वाटते. कुणाचा प्रत्यक्ष अनुभव आहे का?

तुम्ही लिहिलंय की शनिवार-रविवार राहायला जुन्नर तालुक्यातल्या ओतूरच्या बाजूला घर बघताय, दोन लहान मुलं आहेत, दलाल म्हणतो "आमच्या पट्ट्यात बिबट्या नाही", आणि समोर आलाच तर काय करायचं. दलाल खोटं बोलतोय. पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या चार तालुक्यांत जिथे ऊस आहे तिथे बिबट्या आहे. कुकडीची धरणं झाली, पाणी आलं, पाण्यामागे ऊस आला आणि उसात तो आला. आताचे बिबटे उसातच जन्मतात. डोंगरातून भरकटून आलेला पाहुणा समजून त्याच्याकडे बघू नका.

आता अनुभव. तो सांगायला मला थोडं मागे जावं लागेल.

माझं लग्न 2003 साली या भागात झालं. तेव्हा दिवस मावळला की वस्तीवर चिटपाखरू बाहेर दिसत नसे. लघवीला जायचं तर दोघींनी कंदील घेऊन जायचं, अशी सासूबाईंची सक्त ताकीद होती. गावोगावी पिंजरे लागले होते, बिबटे धरून लांब नेऊन सोडत होते. आमच्या घरात तर पिंजरा हाच देव झाला होता. माझे थोरले दीर, आम्ही त्यांना भाऊजी म्हणतो, पिंजऱ्यासाठी स्वतःची शेळी द्यायला तयार असायचे. त्यांच्या रागाला कारण होतं, ते मी नाकारत नाही. त्यांच्या दोन कालवडी गेल्या होत्या.

फेब्रुवारी 2012. आमच्या तीन एकर आडसाली उसाला तोड आली होती. बीडकडची टोळी, बारा-तेरा कोयते. माझा धाकटा तेव्हा आठ महिन्यांचा. मी त्याला घरी सासूबाईंकडे ठेवून जनावरांसाठी वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करायला फडात गेले होते. नऊच्या सुमाराला एक तोडणारी बाई किंचाळली आणि कोयता टाकून मागे सरकली. पाचटात दोन पिल्लं. मांजरीच्या पिल्लाहून थोडी मोठी, राखाडीवर काळे ठिपके, डोळे नुकते उघडलेले. एक नुसतं थरथरत होतं. दुसरं आमच्यावर फिस्स करत होतं, आणि त्या फिस्स करण्यातही त्याचा तोल जाऊन ते आडवं पडत होतं.

अर्ध्या तासात पन्नास माणसं. कुणी उचलून फोटो काढतंय, कुणी घरून दूध आणतंय. भाऊजी आले आणि म्हणाले, "जीपमध्ये टाका, माणिकडोहला नेऊन द्या. आणि पिंजरा मागवा, आई येईलच हुडकत, तिलाही धरू. कायमची कटकट मिटेल." माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे. तिथली माणसं जखमी, अनाथ जनावरांसाठी फार करतात, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण पिल्लू एकदा तिथे वाढलं की त्याला शिकार शिकवायला आई नसते. बहुतेकांचा जन्म मग पिंजऱ्यातच जातो.

मी काही बोलले नव्हते. बोलली ती कोयता टाकणारी बाई. तिचं स्वतःचं तान्हं बांधावरच्या बाभळीला झोळीत टांगलेलं होतं. पदरानं तोंड पुसत ती मला म्हणाली, "बाई, तिचं दूध दाटलं असंल आता." एवढंच. मी आठ महिन्यांची बाळंतीण, सकाळपासून पाजलेलं नव्हतं. मला ते वाक्य छातीत लागलं, हे अगदी शब्दशः खरं आहे.

मी वनखात्याला फोन करायला लावला. वनरक्षक आले, सोबत जनावरांचे डॉक्टर. त्यांनी आधी पिल्लं नीट पाहिली, कारण पुष्कळदा लोक वाघाटीची पिल्लं बिबट्याची म्हणून आणून देतात. वाघाटी म्हणजे ठिपक्यांचं इवलंसं रानमांजर, तीही उसातच विते. ही बिबट्याचीच होती. डॉक्टर म्हणाले, "जिथे सापडली तिथेच संध्याकाळी ठेवायची. आई येते." गर्दीतून लगेच आवाज आला, माणसाचा हात लागलाय, आता आई घेत नाही. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की असं काही नसतं, हात लागलेली पिल्लं आया नेतात. हे तुम्हीही लक्षात ठेवा, कारण हा गैरसमज गावागावांत पक्का बसलाय.

अडचण पुढेच होती. पिल्लांभोवतीच्या आठ सऱ्या उभ्या ठेवायच्या तर तोड थांबणार. टोळीचा रोज बुडणार, गाडी अर्धी भरून जाणार, कारखान्याचा नंबर पुन्हा कधी लागेल याची खात्री नाही. मुकादम चिडला. भाऊजी सगळ्यांसमोर मला म्हणाले, "हिला घरच्या पोरांपेक्षा बिबट्याची पोरं जवळची झाली." नवरा मध्ये पडला आणि टोळी शेजारच्या तुकड्यात वळवली. त्या दिवशी त्यानं माझ्यासाठी जे केलं ते मी विसरलेले नाही.

दिवस मावळताना पिल्लं टोमॅटोच्या कॅरेटमध्ये ठेवली. नारायणगावच्या बाजारामुळे आमच्याकडे घरटी शंभर कॅरेट पडलेली असतात, त्यातलंच एक. वर हलकी फळी, आईला पंजानं सरकवता येईल अशी. समोर झाडाला कॅमेरा बांधला. माणसं सगळी लांब. वनखात्याची जीप दिवे बंद करून रस्त्याला. मी, नवरा आणि सासूबाई गच्चीवर.

चांदणं होतं. साडेआठपर्यंत काही नाही. वस्तीवरची कुत्री भुंकत होती ती एकाएकी गप्प झाली. मग टिटवी ओरडत उठली, आधी ओढ्याच्या अंगाला, मग आमच्या विहिरीजवळ. सासूबाई कानात म्हणाल्या, "आली." मला बांधावरून एक लांबट सावली उतरताना दिसली. खोटं कशाला सांगू, सावलीपलीकडे मला काही दिसलं नाही. पण फळी पडल्याचा आवाज आला, आणि त्यानंतर जो आवाज आला तो मी कधी ऐकला नव्हता. गुरगुर नव्हे. घशातल्या घशात, दमानं, पुन्हा पुन्हा. तो ऐकून सासूबाईंनी, ज्यांनी आयुष्यभर बिबट्याला शिव्या दिल्या, हात जोडले.

सकाळी कॅमेऱ्यातले फोटो पाहिले. पहिलं पिल्लू मानेला धरून नेलं, पाऊण तासानं परत येऊन दुसरं. तिसऱ्यांदाही आली होती. कॅरेट रिकामं होतं तरी त्यात तोंड घालून बघत होती, आणखी काही राहिलंय का.

माझी सगळ्यात लक्षात राहिलेली भेट ही. तुमच्या प्रश्नाला ती लागू कशी, ते सांगते. तीन महिन्यांनी आमची एक शेळी गेली. भाऊजींनी ती माझ्या नावावर टाकली: "तू सोडलीस ना, आता भर." गेली कित्येक वर्षं घरात कुठलंही लग्नकार्य असो, हा विषय निघतोच. म्हणून मी वाचायला लागले. 2001 ते 2003 या काळात आमच्या भागातून शंभरावर बिबटे पकडले गेले आणि बरेचसे दुसरीकडे नेऊन सोडले. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर त्याचा हिशेब मांडला. त्याआधी माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत होते, ते सतरावर गेले. म्हणजे मी नवी नवरी म्हणून ज्या दहशतीत आले, ती पिंजरे लावूनही कमी झाली नव्हती, वाढली होती. अनोळखी मुलखात सोडलेलं जनावर बिथरतं, परत यायला निघतं. आणि त्याची रिकामी जागा दुसरा बिबट्या घेतोच. 2009 साली पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला विहिरीतून काढलेला 'आजोबा' नावाचा बिबट्या माळशेज घाटात सोडला. गळ्यात पट्टा होता म्हणून कळलं, तो सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चालत थेट मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाकडे गेला. रेल्वेचे रूळ, हायवे, वस्त्या ओलांडत गेला आणि वाटेत एकाही माणसाला हात लावला नाही.

आणि ती शेळी का गेली? गोठ्याला दार नव्हतं म्हणून. मी दोन वर्षं दार मागत होते. लोखंडी अँगल, जाळी, वर पत्रा, एवढंच. त्याच वर्षी घरापुढे कमान बांधली गेली, तिच्या निम्म्या पैशांत दार झालं असतं. शेवटी 2013 च्या दिवाळीत माझ्या माहेरच्या पैशांतून मी ते बसवलं. त्या दिवसापासून आजपर्यंत आमच्या वाट्याच्या गोठ्यातून एकही शेळी गेलेली नाही. ती मादी आणि तिची पोरं याच ओढ्याला फिरत असताना.

तेव्हा घर बघायला जाल तेव्हा बिबट्या आहे का हे विचारू नका. ऊस घराच्या भिंतीला चिकटलाय का ते बघा. चिकटला असेल तर शेजाऱ्याशी बोलून घराभोवती मोकळी जागा सोडता येईल का ते आधीच ठरवा. संडास घराच्या आत आहे का बघा. अंगणात दिवा आहे का, विहिरीला कठडा आहे का. आमच्याकडे बिनकठड्याच्या विहिरीत दरवर्षी बिबटे पडतात, मग बाज सोडून, पिंजरा सोडून काढावे लागतात. रखवालीसाठी कुत्रा पाळून अंगणात बांधू नका, ते त्याला आमंत्रण आहे. अकोले तालुक्यातल्या अभ्यासात बिबट्याच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला होता. उरलंसुरलं अन्न उघड्यावर टाकलंत की कुत्री येतात, कुत्र्यांमागे तो.

मुलं दिवस मावळल्यावर अंगणात एकटी नकोत. हे दोन दिवसांसाठी येणाऱ्यांना सगळ्यात जड जातं, कारण मुलांना मोकळं सोडायलाच तर ते आलेले असतात. खाली बसलेलं, वाकलेलं माणूस त्याला लहान जनावरासारखं दिसतं. अंधारात बाहेर पडायचंच तर दोघांनी, बॅटरी घेऊन, मोठ्यानं बोलत. समोर आला तर पळू नका, मुलाला उचलून घ्या, आवाज चढवा, मागे मागे सरका आणि त्याला जायला वाट ठेवा. गर्दी करून कोंडलात तर अंगावर येणारच. वनखात्याचा 1926 हा नंबर फोनमध्ये घालून ठेवा.

सगळ्यात मोठा धोका तुम्हाला नाही. तो आहे रात्री दारं धरायला, म्हणजे उसाला पाणी द्यायला जाणाऱ्याला. जिथे शेतीची थ्री फेज लाईट पाळीनं रात्रीची येते, तिथे माणूस मध्यरात्री एकटा, वाकून, पाण्याच्या आवाजात उसात उभा असतो. त्याला दिवसा वीज द्या, म्हणजे निम्मी भीती जाईल. पिंजऱ्यासाठी रस्ता अडवणारे सगळे दिवसा विजेसाठी तेवढ्याच जोरानं अडवत राहिले असते तर आज चित्र वेगळं असतं, असं मला ठाम वाटतं. फोटो काढायला पिंजरा बरा दिसतो.

एक मात्र सांगायला हवं, आणि ते मी आधी सांगायला पाहिजे होतं. माझ्या घरातलं माणूस गेलेलं नाही. ज्यांचं लेकरू गेलं त्यांच्यासमोर यातलं एक अक्षरही मी बोलणार नाही. माणसावर पुन्हा पुन्हा येणारा बिबट्या धरलाच पाहिजे, त्याला वाचवा असं मी म्हणत नाही. गेल्या काही वर्षांत आमच्या भागात माणसांवर जे हल्ले झाले त्यानंतर माझ्याच वस्तीवरच्या बायका मला विचारतात, अजून तुझं तेच मत आहे का. संध्याकाळी पोरं शाळेतून यायला उशीर झाला की माझाही जीव थाऱ्यावर नसतो. पण त्या रात्री पिल्लं परत ठेवली ते चूक होतं, असं मला अजून कुणी पटवून देऊ शकलेलं नाही.

घर घ्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. दिवे आणि आतला संडास असेल तर मी घेतलं असतं.

आणि भाऊजी, तुमची नात तुम्हाला हे वाचून दाखवणार हे मला माहीत आहे. तुमच्या वाट्याच्या गोठ्याला अजून फळ्याच आहेत. ज्या वेल्डरनं माझं दार केलं तो अजून आळेफाट्याला आहे. माप मी घेऊन ठेवलंय, साडेसहा फूट बाय चार.