चूक करणाऱ्यापाशी चौकशी थांबते तेव्हा

प्रश्न : मी एका रसायन कारखान्याच्या सुरक्षा विभागात काम करतो. गेल्या वर्षी एका कामगाराने चुकीचा व्हॉल्व्ह उघडल्याने दोघे भाजले. अहवालात ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ एवढेच कारण नोंदवून त्याला निलंबित केले. मानवी घटकांचे विश्लेषण, म्हणजे माणूस चुकला तर कोणत्या परिस्थितीमुळे चुकला याचा शोध, केले असते तर आणखी काही कळले असते का, की चुकणाऱ्याला पाठीशी घालण्याचीच ती पद्धत आहे?

उत्तर : बरेच कळले असते. ६ मार्च १९८७ रोजी ‘हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइझ’ हे ब्रिटिश प्रवासी जहाज बेल्जियममधील झेब्रुगे बंदरातून निघाल्यावर काही मिनिटांतच कलंडले आणि १९३ जण मृत्युमुखी पडले. वाहने आत घेण्याचे पुढचे दरवाजे उघडेच राहिले होते. ते लावण्याचे काम ज्या खलाशाकडे होते, तो आपल्या खोलीत झोपलेला होता.

आपल्याकडील अहवाल येथेच संपला असता. न्यायमूर्ती शीन यांची चौकशी मात्र पुढे गेली. दरवाजांची खात्री करून घेणाऱ्या अधिकाऱ्याला जहाज सुटताना वर ब्रिजवरही (जहाज चालवण्याच्या कक्षातही) हजर राहावे लागे, म्हणजे एकाच माणसाने एकाच वेळी दोन ठिकाणी असावे अशी अपेक्षा होती. कप्तानाला आपल्या जागेवरून दरवाजे दिसत नसत आणि कोणी अडचण कळवली नाही की सर्व ठीक आहे असे तो धरून चाले. त्यातच लवकर निघण्याचा वरून तगादा असे. मला सर्वांत अस्वस्थ करते ती गोष्ट त्याआधीची आहे. १९८३ मध्ये त्याच कंपनीचे दुसरे जहाज, तेथील खलाशी झोपी गेल्यामुळेच, उघड्या दरवाजांनिशी निघाले होते. दरवाजांची स्थिती दाखवणारे दिवे ब्रिजवर बसवावेत, अशी लेखी मागणीही झाली होती. कार्यालयाने ती उडवून लावली. दुर्घटनेनंतर काही दिवसांतच तेच दिवे कंपनीच्या इतर जहाजांवर बसले.

अमेरिकी नौदलाच्या विमान-अपघातांसाठी शॅपेल आणि विगमन यांनी केलेल्या वर्गीकरणात प्रत्यक्ष चूक, तिला पोषक परिस्थिती, देखरेख आणि संस्थेचे निर्णय असे चार थर तपासले जातात. आपल्या घटनेत पहिल्याच थराची नोंद झाली आहे. उघडायचा होता तो आणि चुकून उघडला तो, हे दोन व्हॉल्व्ह शेजारी आणि एकसारखे आहेत का, त्यांच्यावरील पाट्या रात्रपाळीत वाचता येतात का, पाळी बदलताना माहिती लेखी दिली जाते का, त्या दिवशी माणसे कमी होती का, हे अद्याप कोणी विचारलेले दिसत नाही. कामगाराने जाणूनबुजून नियम मोडला असेल तर शिस्तभंगाची कारवाई योग्यच आहे, पण तसे अहवालातून सिद्ध होत नाही.

त्या कामगाराला समितीसमोर सविस्तर बोलू द्या. त्याच यंत्रावरील इतरांना, हा व्हॉल्व्ह पूर्वी कोणाकडून चुकून उघडला गेला होता का, असे विचारा; मात्र खरे सांगणाऱ्यावर कारवाई होणार नाही, हे व्यवस्थापनाकडून आधी लेखी घ्या.