एकच किट, तीन भाव
वाचकांचे प्रश्न : प्रतिकृती विभाग

प्रश्न : १/३५ मापाच्या (खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याएवढ्या) रणगाड्याचं, भाग जोडून करायचं एकच किट. एका दुकानात ३,१०० रुपये, दुसऱ्यात ४,९००, आणि जपानमधला विक्रेता तेच जेमतेम १,५०० रुपयांना देतो. आपल्याकडचे दुकानदार इतका नफा घेतात का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : ४,९०० सांगणाऱ्या दुकानदाराला ३,१०० वाल्यापेक्षा कमी पैसे सुटत असण्याची शक्यता बरीच आहे. हिशोब मांडून दाखवतो.

सीमाशुल्काच्या यादीत प्लास्टिकची किट्स खेळण्यांच्याच शीर्षकाखाली, ९५०३ मध्ये येतात. तिथे मापाच्या प्रतिकृतींचा उल्लेख आहे. या शीर्षकावरचं मूळ शुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर गेलं आणि २०२३च्या अर्थसंकल्पात ७० झालं. त्या शुल्काच्या १० टक्के समाजकल्याण अधिभार, आणि या सगळ्या बेरजेवर आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. आयजीएसटी ५ टक्के धरू. इलेक्ट्रॉनिक नसलेल्या खेळण्यांवर २२ सप्टेंबर २०२५ पूर्वी तो १२ होता. बहुतेकांच्या ध्यानात न येणारी गोष्ट अशी की शुल्क नुसत्या किटच्या किमतीवर लागत नाही, किंमत अधिक वाहतूक यांच्यावर लागतं. म्हणजे कुरिअरला दिलेल्या प्रत्येक रुपयावरही आपण पुन्हा कर भरतो.

आता दोन दुकानदार घ्या. पहिला वितरकाकडून घाऊक भावात पन्नास-शंभर खोकी एकत्र मागवतो. समजा त्याला किट १,०५० रुपयांना पडलं आणि वाहतूक दर नगाला १५०. झाले १,२००. त्यावर शुल्क ८४०, अधिभार ८४, म्हणजे २,१२४. आयजीएसटी १०६. दुकानात पोचेपर्यंत २,२३०.

दुसरा दुकानदार लहान आहे. तो परदेशी किरकोळ विक्रेत्याकडून एका वेळी चार-पाच किट्स कुरिअरने आणतो. किट १,५००, वाहतूक ७००, एकूण २,२००. शुल्क १,५४०, अधिभार १५४, म्हणजे ३,८९४. आयजीएसटी १९५. पोचेपर्यंत ४,०८९.

भरलेल्या आयजीएसटीची वजावट मिळते आणि विक्रीच्या किमतीतून जीएसटी द्यावा लागतो. हे दोन्ही धरलं तर ३,१०० ला विकणाऱ्याला सुमारे ८३० रुपये उरतात आणि ४,९०० ला विकणाऱ्याला सुमारे ७७०. त्यातून भाडं, वीज, कामगार, आणि वर्ष-दीड वर्ष फळीवर अडकून पडलेलं भांडवल. या धंद्यात माल हळू खपतो.

दुकानादुकानांतला फरक बहुतेक वेळा वाहतुकीचा असतो, आणि वाहतूक महाग पडण्याचं कारण खोका. कुरिअर कंपन्या प्रत्यक्ष वजन आणि आकारमानी वजन यांतलं जे जास्त त्याचे पैसे लावतात. आकारमानी वजन काढायचं तर लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागायचं. ४० × २५ × ८ सेंटिमीटरचा खोका म्हणजे ८,००० भागिले ५,०००, म्हणजे १.६ किलो. आतलं प्लास्टिक पाऊण किलोही नसतं. उरलेले पैसे हवेचे! १/३५० ची जहाजं आणि १/३२ ची विमानं आपल्याकडे विशेष महाग दिसतात ती यामुळेच.

परदेशी संकेतस्थळाशी तुलना करताना तिथला कर किमतीत धरलेला आहे का ते पाहा. जपानमध्ये १० टक्के उपभोग कर, ब्रिटनमध्ये २० टक्के व्हॅट. माल देशाबाहेर जाताना तो लागत नाही, म्हणून निर्यात करणाऱ्या विक्रेत्याचा भाव तिथल्या दुकानापेक्षाही कमी दिसतो. अमेरिकेतल्या किमतीत विक्रीकर धरलेलाच नसतो. शिवाय येन. २०२१ च्या सुरुवातीला डॉलरला १०५ च्या आसपास असलेला येन जुलै २०२४ मध्ये १६० पर्यंत घसरला होता. त्या काळात जपानमधून भरलेला माल आणि त्याआधी भरलेला माल शेजारी शेजारी ठेवला तर खोका तोच, खरेदी वेगळी. उलटंही घडतं. शुल्क २० टक्के असताना आणलेलं किट एखाद्या जुन्या दुकानात अजून मिळतं, आणि दुकानदाराने स्टिकर बदललेलं नसतं. असं किट दिसलं तर सोडू नका.

आणखी एक कारण. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. ज्या खोक्यावर ८+ छापलेलं असतं, ते बंदरावर अडकण्याची भीती आयातदाराला असते. एअरफिक्स कंपनीच्या पुष्कळ खोक्यांवर तसं असतं. म्हणून तो असा माल मोजकाच आणतो, आणि मोजका माल महागच विकला जातो. (मधली काही वर्षं एअरफिक्सच्या खोक्यांवर ‘मेड इन इंडिया’ असायचं, पण तो माल बाहेर जाण्यासाठी बनत होता.)

खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि सर्व करांसह कमाल किंमत असं लेबल आहे का ते पाहा. पॅकबंद आयात मालावर ते असावंच लागतं. लेबल नसेल तर बिल मागा. एखादा भाग खोक्यात निघालाच नाही किंवा फ्रेम (सुटे भाग जिला जोडलेले असतात ती प्लास्टिकची चौकट) तुटकी निघाली तर दाद मागायला तेवढंच हातात राहतं.

प्रश्न : मिग-२१ निवृत्त झाल्यापासून १/७२ मध्ये ते करायचं मनात आहे. एडुअर्ड कंपनीचं मिग-२१ पाहिलं, तर एकाच विमानाचे तीन प्रकार आणि तीन किमती. काय घेऊ?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला या विमानाला निरोप दिला गेला तेव्हापासून हा प्रश्न अनेकांनी विचारला आहे. तुमच्या गावाचा तर त्याच्याशी थेट संबंध. आपली बहुतेक मिग-२१ ओझरच्या एचएएल कारखान्यातच जोडली गेली.

तिन्ही प्रकारांत प्लास्टिक एकाच साच्यातलं असतं. फरक सोबतच्या वस्तूंचा. ‘प्रोफिपॅक’मध्ये रंगीत छापलेलं फोटोएच, म्हणजे पातळ पत्र्याचे कोरीव भाग (कॉकपिटचं फलक, सीटचे पट्टे), रंगवताना कॉकपिटच्या काचेवर लावायचे कापून दिलेले मास्क आणि जास्त पर्यायांचं डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायच्या खुणांचं पान) मिळतं. ‘वीकेंड’मध्ये प्लास्टिक आणि डेकल. ‘ओव्हरट्रीज’मध्ये नुसत्या फ्रेम, डेकल नाही, छापील सूचनापत्रकही नाही. ते कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यायचं.

पहिल्यांदाच करत असाल तर वीकेंड घ्या आणि मास्क तेवढे वेगळे घ्या. फोटोएच अर्ध्या मिलिमीटरचं काम आहे. त्याला सुपरग्लू, टोकदार चिमटा आणि वाकवायला पोलादी पट्टी लागते. कॉकपिट बंद ठेवणार असाल तर त्यातलं बहुतेक दिसतही नाही. दोन-तीन किट्स झालेल्या माणसाने मात्र प्रोफिपॅकच घ्यावं. फोटोएच आणि मास्क नंतर सुटे मागवले तर दोन खोक्यांच्या भावातल्या फरकापेक्षा जास्त पैसे जातात, आणि त्यावर पुन्हा टपालखर्च. ओव्हरट्रीज भारतीय खुणांचं डेकल आधीच हाताशी असलेल्यांसाठी.

आणि विमानाच्या उपप्रकाराबाबत लोक फसतात. ‘मिग-२१’ एवढंच वाचून स्वस्तातलं किट उचलतात. आपल्याकडे १९६३ मध्ये आलेली पहिली सहा विमानं एफ-१३. नंतर एफएल, म्हणजे टाइप ७७. एम, म्हणजे टाइप ९६. आणि बिस, म्हणजे टाइप ७५. एफएलची पाठ बारीक आणि काच पुढच्या बिजागरीवर उघडणारी. एम आणि बिसची पाठ फुगीर, काच बाजूला उघडणारी. त्यातही बिसचा फुगवटा वेगळा. एमएफ (एमच्याच जवळचा प्रकार) याच्या किटमधून एम जमतं. त्यातून एफएल करायला गेलात तर पाठच नवी घडवावी लागेल. खोक्याच्या मागे भारतीय खुणा दिलेल्या आहेत का तेही आधी पाहा. नसतील तर सुटं डेकल लागणार, आणि त्याचा खर्च किटमध्ये मिळवूनच दोन किमतींची तुलना करा.

प्रश्न : टामियाचं १/४८ स्पिटफायर मार्क १ दोन भावांत मिळतं. चित्रं जवळपास सारखी. महागडं खरं आणि स्वस्त नकली, असं समजायचं का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नाही, दोन्ही अस्सल. एक १९९० च्या दशकातल्या साच्याचं, दुसरं २०१८ मध्ये अगदी नव्याने केलेल्या साच्याचं. पोलादी साच्याचा खर्च पहिल्या काही वर्षांच्या विक्रीतून वसूल करावा लागतो. जुन्या साच्याचा खर्च केव्हाच वसूल झालेला असतो, म्हणून कंपनीला तो माल स्वस्तात देणं परवडतं. नव्यात रिव्हेट बारीक, सांधे पंखाच्या मुळाशी नेमके बसणारे, त्यामुळे पुट्टीचं काम जवळजवळ उरत नाही. जुनं टाकाऊ नाही. एअरब्रश शिकणाऱ्याने सराव म्हणून तेच घ्यावं.

साचा ओळखायला खोक्याच्या कडेवरचा क्रमांक बघा, चित्राच्या भरवशावर राहू नका. तो क्रमांक स्केलमेट्स या किट्सची नोंद ठेवणाऱ्या संकेतस्थळावर टाकला की त्या साच्याची वंशावळ दिसते : पहिल्यांदा कधी निघाला, नंतर कोणकोणत्या खोक्यांतून आला, कुठे फक्त डेकल बदललं. नाव एका कंपनीचं आणि प्लास्टिक दुसरीचं, हेही तिथेच कळतं. रेव्हेलने हासेगावा, आयसीएम, झ्वेझ्दा यांचे साचे आपल्या खोक्यांत विकलेत. मॅचबॉक्सचे जुने साचेही तिच्याकडेच गेले. मूळ कंपनीचं खोकं महाग आणि रेव्हेलचं स्वस्त, आत मात्र त्याच फ्रेम, असं अनेकदा घडतं. एअरफिक्सने आपल्या जुन्या साच्यांना ‘व्हिंटेज क्लासिक्स’ असं नाव देऊन ठेवलं आहे. किटच्या खोक्यांवर एवढा सरळपणा क्वचित दिसतो.

प्रश्न : उत्पादन बंद झालेलं किट एक संग्राहक दुप्पट भावाला देतो आहे. खोका उघडलेला, पण ‘सगळं आहे’ म्हणतो. घ्यावं का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : पैसे देण्याआधी त्याच्याकडून फोटो मागा, तेही विशिष्ट. सूचनापत्रकात फ्रेम्सचा नकाशा असतो, प्रत्येकीला ए, बी, सी अशी अक्षरं असतात. त्या पानाशेजारी प्रत्येक फ्रेम ठेवून काढलेला फोटो हवा. पारदर्शक भाग वेगळ्या पिशवीत आहेत का ते पाहा. कॉकपिटच्या काचेला गेलेली चीर पॉलिशने निघत नाही. जुन्या रणगाड्यांच्या किटमध्ये मऊ व्हिनाइलचे पट्टे कठीण प्लास्टिकला चिकटून राहिले असतील तर पट्ट्यातलं मऊ करणारं रसायन प्लास्टिकमध्ये उतरतं आणि तिथे खड्डा पडतो. चाकांच्या फ्रेमचा फोटो यासाठी जवळून घ्यायला सांगा.

डेकल पिवळं पडलं असेल तर बंद पारदर्शक पिशवीत घालून खिडकीच्या काचेला आतून चिकटवा. काही दिवस उन्हात राहिलं की पिवळेपणा बराच उतरतो. मग नको असलेला एक तुकडा कापून अर्धा मिनिट पाण्यात ठेवा. त्याचे तुकडे झाले तर पूर्ण पानावर मायक्रोस्केलची लिक्विड डेकल फिल्म एक हात फिरवा, वाळू द्या, आणि प्रत्येक खूण कडेने कापून घ्या, कारण आता सगळं पान एकाच पापुद्र्याने झाकलेलं असतं.

दुप्पट भावाबद्दल आमचं मत स्पष्ट आहे : साचा शाबूत असेल तर कंपनी तो पुन्हा कधीही काढू शकते, आणि पुनर्मुद्रण जाहीर झालं की असा भाव पडतो. जानेवारीअखेरीची न्यूरेंबर्गची खेळणी जत्रा आणि मे महिन्यातलं शिझुओकाचं हॉबी प्रदर्शन, या दोन वेळी घोषणा होतात. त्या ऐकून मग ठरवा. रेझिनचं किंवा मोजक्या प्रतींच्या साच्याचं किट असेल तर थांबण्यात अर्थ नाही. ते साचे लवकर झिजतात.

प्रश्न : मुलगी लंडनहून येते आहे. तिच्याकडून किट, रंग आणि गोंद मागवले तर स्वस्त पडेल ना?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : किट मागवा. एक्स्ट्रा थिन सिमेंट (प्लास्टिक जोडायचा पातळ गोंद), लॅकर रंग, थिनर, स्प्रेचे डबे मागवू नका. ज्वालाग्राही म्हणून विमानात ते सामानातही चालत नाहीत आणि हवाई टपालातही, आणि या बाटल्या इथे महाग मिळतात त्यामागे हेच एक कारण आहे. ब्रश, सॅंडिंग स्टिक, मास्किंग टेप, डेकल चालेल. चाकूची पाती हातातल्या पिशवीत नकोत.

बॅगेत जागा कमी असेल तर तिला खोका उलगडून सपाट करायला सांगा. फ्रेम्स मूळ पिशव्यांतच राहू द्याव्यात, दोन पिशव्यांमध्ये पातळ पुठ्ठा घालावा, पारदर्शक भाग मऊ कपड्यात गुंडाळून छोट्या डब्यात ठेवावेत, आणि डेकल दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट, बंद पिशवीत. घडी पडलेलं डेकल पाण्यात टाकलं की घडीवरच तुटतं.