आशाताई, म्हणजे गावात घरोघरी जाणाऱ्या आरोग्य स्वयंसेविका, एवढ्या तुटपुंज्या मोबदल्यात टिकून कशा राहतात?

माझ्या मते पहिलं कारण म्हणजे गावाचा विश्वास. आशा बहुधा त्याच गावची सून असते. बाळंतीण दवाखान्यातून घरी आली की बाळाच्या जन्मापासून तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी ती घरी जाते. बाळाला झोळीच्या काट्यावर तोलते, ताप बघते, अंगावर नीट पितंय ना ते विचारते. कमी वजनाचं बाळ तिच्या डोळ्यांदेखत बाळसं धरतं, आणि आधी दारात उभं न करणारी सासू लसीकरणाला स्वतःहून नातवाला घेऊन येते. हे समाधान खरं आहे.

पण या सहा भेटींचे मिळून २५० रुपये, हेही खरं. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं आशांचा गौरव केला आणि २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या आशा मानधनासाठी संपावर गेल्या. सेवाभाव आहे म्हणून पैसे थकवले तरी चालतात, हा समज मला संतापजनक वाटतो.

आणखी एक, ज्याची चर्चा फारशी होत नाही: आरोग्य केंद्रातली वागणूक. रात्री दोन वाजता पेशंट घेऊन आलेल्या आशेला कुणी बसायला खुर्ची दिली, डॉक्टरांनी तिचं म्हणणं ऐकून घेतलं, तर पुढच्या वेळीही ती तेवढ्याच उमेदीनं येते.