गुण शंभर, तरी गूगलवर पत्ता नाही

गेल्या काही आठवड्यांत आलेले प्रश्न बहुतेक एकाच जातीचे आहेत. एआय एजंटला, म्हणजे स्वतः टूल चालवून काम करणाऱ्या एआयला, वेबपानाचे एसईओ ऑडिट (पान गूगलसारख्या शोधात नीट सापडावे म्हणून करायची तपासणी) करायला सांगितले, त्याने टूल वापरून निकाल आणला. आता त्या निकालाचे करायचे काय? त्यांतले पाच घेतो.

राजवाड्याजवळ आमचे माहेश्वरी साड्यांचे दुकान आहे. मुलाने एजंटकडून ऑडिट करवले, १०० गुण आले. पण गूगलवर शोधले तर आम्ही कुठेच नाही. मग हे गुण कसले?

बहुधा लाइटहाउसचे. गूगलचे हे मोफत टूल पानाची तांत्रिक बाजू तपासते. शीर्षक आहे का, मेटा डिस्क्रिप्शन (शोधयंत्रांसाठी दिलेला पानाचा छोटा सारांश) आहे का, चित्रांना पर्यायी मजकूर दिलाय का, पानावर चुकून 'नोइंडेक्स', म्हणजे 'हे पान शोधात दाखवू नका' अशी खूण, तर लावलेले नाही ना, अशा मोजक्या गोष्टी. दुकानाचे शटर उघडते, पाटी सरळ आहे, दिवे लागतात, एवढेच त्याने पाहिले; गिऱ्हाईक येईल का, हा त्याचा विषयच नाही. साडीच्या फोटोखाली विणीबद्दल, किमतीबद्दल दोन ओळी आहेत की नाहीत, इतर साइट्स तुमची लिंक देतात की नाही, याची दखल त्या शंभरात नसते. आधी सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे साइटमालकांसाठीच्या गूगलच्या मोफत टूलमध्ये, जाऊन पान गूगलच्या इंडेक्समध्ये (शोधासाठी नोंदलेल्या पानांच्या यादीत) आहे का ते बघा. आणि खरे सांगू? राजवाड्यावरच्या दुकानाला गूगल मॅप्सवरची नीट भरलेली बिझनेस प्रोफाइल या गुणांपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

एजंटने टूल खरोखर चालवले की आकडा मनानेच ठोकून दिला, हे कसे ओळखायचे? (एक वाचक, विजयनगर)

शंका रास्त आहे. एजंटला सांगा, 'निष्कर्ष नको, टूलने परत दिलेला मूळ निकाल दाखव.' त्यात तपासणीची वेळ, लाइटहाउसची आवृत्ती आणि शेवटी उघडलेल्या पानाचा पत्ता असतो. हा पत्ता जरूर वाचा. कधी कधी साइट लॉगिनच्या पानावर ढकलते आणि ऑडिट होते त्या लॉगिनचे.

दुसरी एक मेख पेजस्पीड इनसाइट्सच्या एपीआयमध्ये आहे. ही लाइटहाउस चालवून देणारी गूगलची सेवा; एपीआय म्हणजे एजंटसारख्या प्रोग्रॅमने ती वापरायची वाट. 'एसईओ' हा विभाग मुद्दाम मागितला नाही, तर तो फक्त वेगाचे, म्हणजे परफॉर्मन्सचे, निकाल देतो. शिवाय मोबाइल मागितला नाही तर डेस्कटॉप धरतो. गूगल मात्र इंडेक्ससाठी पानाचे मोबाइल रूपच बघते. म्हणजे एजंटने टूल चालवले हे खरे, पण एसईओचे उत्तर त्यात नव्हतेच. रिकामी जागा त्याने कशी भरली असेल, हे तुम्हीच ओळखा.

मी एजंटसाठी ऑडिटचे एमसीपी टूल लिहितोय. पूर्ण अहवाल दिला की एजंट भरकटतो. काय परत द्यावे? (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी)

एमसीपी, म्हणजे अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये खुला केलेला मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, टूलला कसे बोलवायचे ते ठरवतो. उत्तरात किती भरायचे, ही अक्कल तुमची. लाइटहाउसच्या जेसन (प्रोग्रॅमना वाचता येईल अशा मांडणीच्या) अहवालात स्क्रीनशॉटसुद्धा अक्षरांच्या लांबलचक माळा होऊन बसलेले असतात. ते सगळे एजंटपुढे ओतू नका. अहवाल फाइलमध्ये ठेवा. उत्तरात विभागाचे गुण, नापास तपासण्या आणि प्रत्येकीत पानाच्या कोडमधला नेमका कोणता एचटीएमएल घटक अडला तेवढे द्या. खोलात जायचे असेल तर एका तपासणीचा तपशील आणणारे वेगळे टूल ठेवा.

जेसनमध्ये गुण ० ते १ असतात. ०.९२ तसेच दिले, तर एखादा एजंट बिनदिक्कत 'शंभरपैकी एकही गुण नाही' असे सांगून मोकळा होतो. ज्या तपासण्या हाताने करायच्या असतात किंवा त्या पानाला लागू नसतात, त्यांचे गुण 'नल', म्हणजे 'किंमतच नाही', असे येतात. स्ट्रक्चर्ड डेटाची (पानावरची माहिती शोधयंत्राला ठरावीक साच्यात सांगणाऱ्या कोडची) तपासणी अशीच हाताने करायची. 'नल' म्हणजे शून्य नव्हे, हे टूलमध्येच निस्तरा, एजंटच्या समजुतीवर सोडू नका.

सगळ्यात वाईट चूक मात्र रिकाम्या यादीची. पान उघडलेच नाही, वेळ संपली, आणि टूलने नापास तपासण्यांची रिकामी यादी परत दिली, तर एजंट वाचतो 'एकही दोष नाही'. एमसीपीच्या निकालात चूक झाल्याची खूण करायची सोय आहे. ती वापरा आणि कारण साध्या वाक्यात लिहा.

आमच्या वाचनालयाची साइट मराठी आणि हिंदीत आहे. ऑडिटमध्ये भाषेबद्दल काही येत नाही. सगळे ठीक समजायचे का? (रामबाग)

नाही. पानावर भाषेचा कोड लावला आहे का, ही तपासणी लाइटहाउस सुलभतेच्या, म्हणजे ॲक्सेसिबिलिटीच्या, विभागात करते. फक्त एसईओ मागाल तर ती दिसणार नाही. दोन्ही विभाग मागितले तरी कोड वैध आहे एवढेच कळते. हिंदी थीम (साइटचा तयार साचा) उचलून तिच्यात मराठी मजकूर भरला आणि कोड हिंदीचाच राहिला, तर टूल तुम्हाला पास करते. गूगल भाषा मजकुरावरून ओळखते, त्यामुळे शोधात फार बिघडत नाही; पण स्क्रीन रीडर त्या कोडवरून आवाज निवडतो. दृष्टिहीन वाचकाला तुमचे मराठी हिंदी उच्चारात ऐकू येईल. दोन भाषांतली पाने एकमेकांना जोडणारे 'एचरेफलँग' हे टॅग दोन्ही बाजूंनी लावलेय का, तेही स्वतः तपासा. त्यासाठी एजंटला दोन्ही पाने एकत्र वाचायला सांगा.

दोष सापडले की एजंटनेच परस्पर दुरुस्त करावेत का? (सुदामानगर)

आधी बदल दाखवू दे, मग तुम्ही होकार द्या. मेटा डिस्क्रिप्शनची तपासणी ती आहे की नाही एवढेच बघते, म्हणून गुण वाढवायच्या नादात, समजा फराळाच्या दुकानाच्या साइटवर, चकली, अनारसे आणि चिवडा, तिन्ही पानांवर एकच वाक्य चिकटवले जाऊ शकते. आणि ऑडिटच्या निकालात त्या पानावरचाच मजकूर येतो. दुसऱ्याचे पान तपासताना त्यात कोणी एजंटसाठी हुकूम दडवून ठेवला असेल, तर साइट बदलायची परवानगी हाती असलेला एजंट तो मानू शकतो. तपासणारा एजंट वेगळा ठेवा, त्याला फक्त वाचायची परवानगी द्या.