नागपूर विद्यापीठातली आजोबांची जुनी नोंद शोधायला दोन दिवस पुरतील का?

तुमचे आजोबा यवतमाळचे, १९३६च्या सुमारास मॉरिस कॉलेजातून बी.ए. झालेले. विद्यापीठाच्या जुन्या दप्तरात त्यांची नोंद बघायला तुम्ही पुण्याहून दोन दिवसांसाठी येताय, आणि काय तयारी करावी असं विचारलंय. दोन दिवस पुरतात, पण निम्मं काम घरून करून आलात तरच. मी माझ्या मावशीआजीची नोंद अशीच शोधली. पहिल्या खेपेला हात हलवत परत आले, कारण न कळवता गेले होते आणि ज्यांच्याकडे किल्ली होती ते रजेवर होते. तुमची तशी खेप वाया जाऊ नये म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी परीक्षा कोणी घेतली ते पक्कं करा. कागद परीक्षा घेणाऱ्याकडे असतो, गावाकडे नाही. नागपूर विद्यापीठ सुरू झालं ४ ऑगस्ट १९२३ला. हिस्लॉप कॉलेज १८८३चं, मॉरिस १८८५चं, म्हणजे दोन्ही विद्यापीठाहून जुनी. त्यांची मुलं आधी कलकत्ता आणि नंतर अलाहाबाद विद्यापीठाच्या परीक्षांना बसत. तेव्हा आजोबांचं साल १९३६ ऐवजी १९२० निघालं, तर नागपुरात पदवीची नोंद शोधण्यात अर्थ नाही. यवतमाळ आज अमरावती विद्यापीठात येतं म्हणून कुणी तुम्हाला अमरावतीला पाठवेल, पण ते विद्यापीठ १९८३चं. तसंच १९४६ला सागर विद्यापीठ निघेपर्यंत त्या वेळच्या मध्य प्रांतातल्या हिंदी जिल्ह्यांतली कॉलेजंही नागपूरकडेच होती. सागर विद्यापीठ काढणारे डॉ. हरिसिंग गौर त्याआधी नागपूरचेच कुलगुरू होते. त्यामुळे यादीत जबलपूर, रायपूरची नावं दिसली तर चुकीचं पुस्तक उघडलंय असं समजू नका.

साल नक्की माहीत नसेल तर मागे मोजा. तेव्हा मॅट्रिकनंतर दोन वर्षं इंटर आणि मग दोन वर्षं बी.ए. असं होतं. बी.ए. १९३६ असेल तर इंटर १९३४. म्हणजे एकाच माणसाची दोन वर्षांच्या निकालांत दोनदा गाठ पडू शकते, आणि एक पान वाळवीने खाल्लं असलं तरी दुसरं हाती लागतं. मात्र मॅट्रिकची नोंद विद्यापीठात मागू नका, त्यासाठी मध्य प्रांतात वेगळं बोर्ड होतं. शाळेचं दाखलखारीज रजिस्टर मिळालं तर त्यातलं नाव उतरवून आणा. मोठेपणी लावलेलं आडनाव आणि शाळेत घातलेलं आडनाव एकच असेल असं नाही. इंग्रजी स्पेलिंगची तर तीन-चार रूपं लिहून ठेवा, कारण याद्या इंग्रजीत आहेत. माझ्या मावशीआजीला मी सासरच्या नावाने दोन तास शोधत बसले होते. ती माहेरच्या नावाने, वडिलांच्या नावासकट, पहिल्याच पानावर होती.

मग कुलसचिवांच्या नावाने पत्र पाठवा, निदान तीन आठवडे आधी. त्यात ‘आजोबांची माहिती हवी’ असं लिहू नका, तशा पत्राचं काय करायचं ते कुणालाच कळत नाही. कागदाचं नाव घ्या: १९३४ ते १९३७ या वर्षांची विद्यापीठ कॅलेंडरं, बी.ए.च्या निकालाचं रजिस्टर, पदवीदानाची यादी. कॅलेंडर म्हणजे भिंतीवरचं नव्हे. नियम, अभ्यासक्रम, कॉलेजं आणि पदवीधर असं सगळं असलेलं ते छापील जाडजूड पुस्तक. ते आधी ग्रंथालयात विचारा, रजिस्टरची पाळी नंतर. कॉलेजलाही वेगळं पत्र द्या. मॉरिस कॉलेज आज वसंतराव नाईक शासकीय कला व समाजविज्ञान संस्था आहे, आणि प्रवेशाच्या नोंदी विद्यापीठाकडे नाही, कॉलेजकडे विचारायच्या असतात. माहितीच्या अधिकाराचा अर्ज पहिल्याच दिवशी टाकू नका. समोरचा माणूस मदत करायला तयार असतो, अर्ज आला की तो फक्त उत्तर देतो.

खिडकीवर पहिला प्रश्न बहुधा ‘जात पडताळणीचं आहे का?’ हाच येईल. १९५०च्या आधीचे पुरावे शोधत येणारे लोक इथे रोज असतात, आणि त्यांचं काम मुदतीचं असतं. तुमचं घराण्याच्या इतिहासाचं आहे हे सरळ सांगा, आणि त्यांना पुढे जाऊ द्या. सोबत ओळखपत्र, पत्राची पोच आणि नातं दाखवणारा एखादा कागद ठेवा.

वहीसोबत शिसपेन्सिल आणा, पेन पिशवीतच राहू द्या. फोटो काढायला आधी परवानगी घ्या, फ्लॅश नको. रजिस्टर टेबलावर सपाट ठेवून उघडा. जुन्या शाईत हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार असायचा, ती शाई कागद आतून खाते. मी उघडलेल्या पानावर जिथे टाक जोरात टेकला होता तिथे अक्षराच्या आकाराची भोकं पडली होती आणि त्यातून मागच्या पानाचे आकडे दिसत होते. अशा पानावरून बोट फिरवत नाव शोधू नका, कोरी पट्टी खाली सरकवत जा.

तारखा ठरवताना नवतपा, म्हणजे मेअखेरचे सगळ्यात कडक उन्हाचे दिवस, टाळा. उन्हाचं आहेच, शिवाय ते दिवस निकालांच्या धावपळीचे. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असलं की मोर्च्यांमुळे रस्ते अडतात आणि बर्डीला, म्हणजे सीताबर्डी भागात, खोली मिळत नाही. जानेवारीचा शेवट किंवा ऑगस्ट चांगला. सोमवारी नको, मंगळवार-बुधवार धरा. वेळ उरला तर पुराभिलेख विभागाच्या नागपूर कार्यालयात मध्य प्रांत व वऱ्हाडच्या सरकारी दप्तराची चौकशी करा. आजोबा सरकारी नोकरीत असतील तर पुढचा धागा तिथे लागू शकतो.

आणि पदवीदानाची यादी मिळाली की नावापुढचा शेराही उतरवून घ्या. मावशीआजीच्या नावापुढे ‘इन ॲब्सेन्शिया’ होतं, म्हणजे पदवी घ्यायला ती आलीच नव्हती. घरी येऊन आईला विचारलं तेव्हा कळलं, त्याच आठवड्यात तिचं लग्न लावून दिलं होतं.