कुत्र्याने विषारी झाड खाल्लं तर आधी फोन

कुत्र्याने एखादं झाड खाल्लं म्हणून घाबरलात ते साहजिकच आहे. पहिलं कुत्रं घरात आलं की प्रत्येक कुंडीकडे संशयाने बघायला होतं. सुरुवातीला एवढंच करा.

तोंडात उरलेले तुकडे काढा (चावायला येत असेल तर राहू द्या) आणि लगेच व्हेटला (प्राण्यांच्या डॉक्टरांना) फोन लावा. ‘बघू, त्रास झाला तर नेऊ’ हीच सगळ्यात महागात पडणारी चूक. कण्हेर थेट हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करते. सायकसच्या (ताडासारखं दिसणारं शोभेचं झाड) बिया तर यकृत निकामी करू शकतात आणि ते लक्षात यायला कधीकधी दोन-तीन दिवस जातात. मधल्या काळात कुत्रं ठीकठाक वाटू शकतं. डिफेनबेकिया (मोठ्या ठिपकेदार पानांचं कुंडीतलं झाड) चावला की मात्र लगेच कळतं: लाळेच्या तारा, पंजाने तोंड घासणं. हे बहुधा जिवावर बेतत नाही, तरी फोन कराच.

व्हेट विचारतील:
- कोणतं झाड, कोणता भाग?
- अंदाजे किती, कधी?
- कुत्र्याचं वजन?

झाडाचं नाव माहीत नसेल तर पानांसकट फांदी पिशवीत घालून न्या. उलटी झाली असेल तर तिचा फोटो काढा. किळस येईल, पण उपयोग होतो.

मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका, मिठानेच विषबाधा होते. दूध-तेलही नको. उलटी करवायची का, हे व्हेट ठरवतील. तिचा फायदा साधारण पहिल्या एक-दोन तासांतच.

विषांचे प्रकार वगैरे सावकाश शिकाल. आजच, रात्रीही चालू असणाऱ्या प्राण्यांच्या दवाखान्याचा नंबर तेवढा सेव्ह करा.