सत्तर-दोनशे घेताना

चि. बाळ,

अनेक आशीर्वाद.

लेन्सचे तिन्ही ठिकाणचे भाव लिहून पाठवलेस ते चांगलं केलंस. राजारामपुरीतलं दुकान सगळ्यात महाग, ऑनलाइन त्याहून थोडं स्वस्त, आणि मुंबईच्या बोरा बाजारातून फोनवर सांगितलेला भाव एकदम खाली. एवढा फरक असताना कोल्हापुरात घेण्यात शहाणपण आहे का, असं तू विचारलंयस. माझं मत आधीच सांगून टाकतो. सत्तर-दोनशेसारखी (७० ते २०० मिलिमीटर झूमची) मोठी लेन्स तू कोल्हापुरातच घे, पाचेक टक्के जास्त गेले तरी घे. पन्नास एफ १.८ सारखी छोटी लेन्स (एफचा आकडा जितका लहान तितका जास्त प्रकाश आत येतो) असती तर कुठूनही घे म्हटलं असतं.

दुकानाआधी लेन्सबद्दल थोडं बोलू, कारण कुठून घ्यायची हे बरंचसं कुठली घ्यायची त्यावर ठरतं. तुझी बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, निकॉनच्या झेड माउंटची, म्हणजे झेड जातीच्या लेन्स बसणारी. त्यात एफ २.८ च्या दोन लेन्स तुझ्या मनात आहेत, २०२० साली आलेली ७०-२०० आणि २०२३ ची ७०-१८०. दुसरी आठशे ग्रॅमच्या आसपास, पहिली दीड किलोच्या घरात, आणि किमतीतही मोठं अंतर. ७०-१८० मध्ये व्हीआर, म्हणजे थरथर सावरणारी सोय, नाही म्हणून तू कचरतेयस, पण त्याची काळजी सोड. हाताची थरथर सांभाळायची सोय तुझ्या बॉडीच्या सेन्सरमध्येच आहे. आणि खासबागेत पैलवान ढाक मारतो तेव्हा फोटो हलतो तो पैलवानाच्या वेगानं. तिथं एक हजारांश सेकंदाचं शटर लागतं, व्हीआर तिथं काही करत नाही.

खरा फरक नळीत आहे. ७०-१८० झूम केली की नळी पुढं येते. ७०-२०० ची लांबी बदलत नाही, जे काही सरकतं ते आतल्या आत. पुढं-मागं होणारी नळी दर वेळी बाहेरची हवा आत ओढते, आणि तुझ्या कामात त्या हवेत काय असतं ते तू मला सांगावंस. चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर गुलाल-खोबरं उधळलं जातं, सगळी वाडी गुलाबी होते. तालमीत पैलवान हौद्यात उतरले की तांबडी माती उडते. लेन्सला रबराचं सील असतं, ते धूळ-पाणी बरंच अडवतं, पण इतकी बारीक पूड वर्षानुवर्षं आत जाऊ देणार नाही अशी खात्री कुठलंही सील देत नाही. तू फक्त लग्नाचे फोटो काढत असतीस तर हलकी लेन्स घे, खांदा वाचव, असंच मी म्हटलं असतं. तू यात्रा आणि कुस्ती हेच आपलं काम मानलंयस. म्हणून ७०-२००.

आता भाव. कंपनीनं खोक्यावर छापलेली एमआरपी वेगळी आणि अधिकृत विक्रेत्यांनी ज्याच्या आसपास विकायचं तो भाव वेगळा. बाजारात त्याला एमओपी म्हणतात. पक्क्या बिलाची नवी लेन्स देशभर साधारण त्याच भावाला मिळते. दसरा-दिवाळीला कंपनी सूट काढते ती सगळ्या अधिकृत दुकानांना लागू असते. दुकानदाराच्या हातात उरतं ते त्याच्या मार्जिनमधलं थोडं सोडणं, आणि ते फार नसतं. त्यात १८ टक्के जीएसटी प्रत्येकालाच भरावा लागतो. मग कुणी एमओपीच्या खूपच खाली विकत असेल तर तो फरक कुठून तरी निघालेला असतो. बिल कच्चं असेल, लेन्स कुणीतरी वापरून परत केलेली असेल, किंवा माल ग्रेचा असेल.

ग्रेचा माल म्हणजे बनावट माल नव्हे, हे लक्षात घे, कारण तिथंच लोक फसतात. काच तीच, कारखाना तोच, फोटोही तसाच येतो. फक्त ती लेन्स दुसऱ्या देशाच्या बाजारासाठी निघालेली असते, भारतातल्या कंपनीमार्फत आलेली नसते. त्यामुळं इथली वॉरंटी तिला नाही. दुकानदार म्हणेल, 'आमची स्वतःची एक वर्षाची वॉरंटी आहे.' ती वॉरंटी म्हणजे त्याचा शब्द, आणि दुरुस्ती करणारा त्याच्या ओळखीचा कुणीतरी. एवढ्या महागड्या वस्तूला मी तेवढ्यावर हात घालणार नाही, तूही घालू नकोस.

ओळखायचं कसं? आयात मालाच्या खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि एमआरपी असायलाच लागते, तसा कायदा आहे. तो मजकूर नसेल तर पुढं बोलायचंच नाही. असेल तर सिरीयल नंबर बघ. लेन्सवर, खोक्यावर, वॉरंटी कार्डावर आणि बिलावर एकच नंबर हवा. बिलावर दुकानाचा जीएसटी नंबर असतो, महाराष्ट्रातल्या दुकानाचा असेल तर पहिले दोन अंक २७. तो जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की कुणाच्या नावावर आहे ते फोनवरच दिसतं. पुढं-मागं तू स्वतः जीएसटी नोंदणी केलीस तर या १८ टक्क्यांची वजावट मिळायलाही पक्कंच बिल लागतं.

बोरा बाजाराला मी नावं ठेवत नाही. सीएसएमटीला उतरून पाच-दहा मिनिटं चाललं की कॅमेऱ्याची इतकी दुकानं एका ठिकाणी बघायला मिळतात, त्यात पिढ्यान्‌पिढ्या सचोटीनं धंदा करणारेही आहेत. तिकडं घ्यायचंच ठरलं तर महालक्ष्मी एक्स्प्रेसनं जा, दिवसभर हिंड, चार दुकानं बघ, आपल्या बॉडीवर लावून बघ आणि मग पैसे दे. फोनवर भाव ठरवून, पैसे पाठवून, पार्सलची वाट बघत बसू नकोस. आणि हिशेब करताना एक रक्कम धरायला विसरू नकोस. लेन्समध्ये काही निघालं तर परत तेवढाच प्रवास, तेवढाच दिवस, आणि त्या दिवशीची ऑर्डर गेली ती वेगळीच.

इथल्या दुकानात तेच दहा मिनिटांचं काम असतं. पाच टक्के जास्त द्यायचे ते त्यासाठी. गावाचा अभिमान म्हणून मी हे सांगत नाही. लग्नसराईत दोन ऑर्डरींच्या मध्ये लेन्सचा ऑटोफोकस अडला तर ती सर्व्हिस सेंटरला पाठवायची, पाठपुरावा करायचा आणि तोवर तुला दुसरी लेन्स द्यायची, हे सगळं तुला ओळखणारा माणूस करतो. मात्र तो तसा आहे का, हे घेण्याआधीच बघायचं. त्याच्याकडं शनिवारी संध्याकाळी किंवा दसऱ्याच्या गर्दीत जाऊ नकोस. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी जा, बॉडी घेऊन जा. खोकं माझ्यासमोर फोडाल का, इथंच चार शॉट घेऊ द्याल का, हे विचार. मग खरा प्रश्न विचार: आठवड्यात दोष सापडला तर तुम्ही लेन्स बदलून देणार, की मला सर्व्हिस सेंटरला पाठवणार? नीट उत्तर दिलं आणि बिलावर लिहून द्यायला तयार झाला, तर भावासाठी फार ताणू नकोस. उत्तर टाळलं तर दुसरं दुकान बघ. शाहूपुरीत आहे, लक्ष्मीपुरीत आहे, तू एकाच दारात अडकलेली नाहीस.

एवढी लेन्स बहुधा त्याच्याकडं शिल्लक नसेल, मागवावी लागेल. अॅडव्हान्स देताना पावतीवर मॉडेलचं पूर्ण नाव आणि झेड माउंट असं लिहून घे. नुसतं 'निकॉन ७०-२००' लिहिलं तर जुन्या एफ माउंटचीही याच आकड्यांची लेन्स आहे, आणि ती अॅडाप्टरशिवाय तुझ्या बॉडीवर बसत नाही.

लेन्स हातात आली की पहिल्या दोन दिवसांत तपासून टाक. सुट्टी बघून करू म्हणालीस तर मुदत निघून जाईल. भवानी मंडपाची दगडी भिंत त्याला चांगली, दगडांच्या सांध्यांवर धार लगेच कळते. पहाटे गर्दी नसताना जा. ट्रायपॉड लाव, कॅमेरा भिंतीशी अगदी समांतर ठेव, एफ २.८ वर ७०, १३५ आणि २०० ला फोटो घे. घरी आल्यावर चारही कोपरे मोठे करून बघ. चारही सारखेच थोडे मऊ असतील तर तो त्या लेन्सचा स्वभाव. तीन कोपरे धारदार आणि एक पुसट असेल तर आतली एखादी काच मध्यापासून सरकलेली असू शकते, पण लगेच दुकानदाराशी भांडायला जाऊ नकोस. कॅमेरा ट्रायपॉडवर उलटा करून तोच फोटो पुन्हा घे. पुसटपणा भिंतीच्या त्याच बाजूला राहिला तर कॅमेरा तिरका लागला होता. लेन्सबरोबर फिरून भिंतीच्या समोरच्या कोपऱ्यात गेला तर दोष लेन्सचा. मग ते दोन्ही फोटो दुकानदाराला दाखव, त्याच्याकडं वाद घालायला जागा राहत नाही.

लांबचा फोकस रंकाळ्यावर बघता येतो. अलीकडच्या काठावरून शालिनी पॅलेसच्या मनोऱ्यावर धर, पण सकाळी लवकर. ऊन चढलं की पाण्यावरची हवा हलते आणि चांगल्या लेन्सचाही फोटो उकळल्यागत येतो. फोकस पुढं-मागं पडण्याची जी भीती तुझ्या डीएसएलआरवाल्या मित्रांनी घातलीय ती तुला फारशी लागू नाही. तुझ्यासारख्या मिररलेसमध्ये, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात, फोकस सेन्सरवरच मोजला जातो.

ऑनलाइनचं म्हणशील तर, तिथं वेबसाइट आणि विकणारा हे दोघं वेगळे असतात. विक्रेत्याचं नाव उघडून बघ. कंपनीच्या अधिकृत यादीत तो नसेल तर सोड. परतीच्या अटीत पैसे परत आहेत, फक्त बदली आहे, की काहीच नाही, ते आधी वाच. मागवलीच तर पार्सल हातात घेतल्यापासून लेन्स बाहेर येईपर्यंत न थांबवता व्हिडिओ काढ, त्यात पत्त्याची चिठ्ठी आणि चिकटपट्टी दोन्ही दिसू देत. नो कॉस्ट ईएमआयला भुलू नकोस. व्याजाएवढी सूट देतात हे खरं, पण त्या व्याजावरचा जीएसटी आणि बँकेचं प्रोसेसिंग शुल्क तुझ्याच माथी येतं.

कुठूनही घेतलीस तरी एक गोष्ट माहीत असू दे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तू जिथं राहतेस किंवा काम करतेस तिथल्या जिल्हा आयोगाकडं तक्रार करता येते. विकणारा मुंबईचा असो की दिल्लीचा, तक्रार कोल्हापुरातच. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. १९१५ या हेल्पलाइनवर आधी फोन करता येतो. 'तुम्ही धंद्यासाठी घेतलीत, तुम्ही ग्राहक नाही' असं कुणी सांगितलं तर ऐकून घेऊ नकोस. स्वयंरोजगारातून स्वतःचं पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूला कायद्यानं ग्राहक मानलेलं आहे. म्हणून बिल तुझ्या नावावर हवं, भावाच्या किंवा वडिलांच्या नको.

तुझ्या मित्रानं सुचवलेली जुनी ८०-२०० डी सेकंडहँड घेऊ नकोस, कितीही स्वस्त असली तरी. तिच्यात फोकसची मोटर नाही, ती बॉडीतल्या मोटरवर चालते, आणि जुन्या लेन्स तुझ्या बॉडीवर बसवणाऱ्या एफटीझेड अॅडाप्टरमध्येही ती मोटर नाही. तुझ्या कॅमेऱ्यावर ती हातानं फोकस करावी लागेल. कुस्तीत ते जमत नाही. शिवाय आपल्या पावसाळ्यात कपाटात राहिलेल्या जुन्या लेन्सला फंगस धरलेलं असू शकतं, ते वरून बघून कळत नाही, मागून टॉर्च मारावा लागतो.

अॅडव्हान्स देण्याआधी हीच लेन्स एका कुस्तीच्या मैदानासाठी भाड्यानं घे. दिवसभर दीड किलो गळ्यात घेऊन हौद्याच्या कडेला बसून बघ. मान-मनगट टिकलं तर दुसऱ्या दिवशी दुकानात जा. नवी आल्यावर भिंतीचे फोटो मला पाठव, व्हॉट्सअॅपवर नको, तिथं ते दाबले जातात. रॉ फाइल (कॅमेऱ्यातली मूळ, न दाबलेली) ड्राइव्हवर टाक आणि दुकानानं दिलेली बदलीची मुदत कधी संपते ते सोबत लिही. त्याआधी बघून कळवतो.

तुझा,
काका